तिसऱ्या पर्वातला नान

रविवारी सकाळी अकरा वाजता शराफत आपांनी सोबत आणलेले दोन्ही नान न मोडताच परत रुमालात बांधले, तेव्हा नेमत आका अंगणात नव्हते. ते चहा आणायला गेले होते.

हे त्यांचं नेहमीचंच. ताश्कंदच्या एका बस डेपोत तेहतीस वर्षं नियंत्रक म्हणून काढलेल्या या माणसाने शेकडो गाड्या अडवल्या असतील, पण माणसाला कधी अडवलं नाही. चायखान्यात कोणी म्हणालं, "यंदा खरबुजं गोड निघाली," की नेमत आका म्हणत, "साखर हो, साखर!" दुसरा कोणी म्हणालाच, "छे, पाणचट," तर लगेच, "पाणीच की नुसतं!" पंचाईत व्हायची ती दोघे एकाच लाकडी तख्तावर बसलेले असले की. तशा वेळी नेमत आका किटली उचलत आणि चहा आणायला जात. परत येईपर्यंत विषय बदललेला असे. त्यांच्या मते या पद्धतीमुळे जगातली बरीच भांडणं टळली होती.

हे मात्र टळलं नाही. किटली घेऊन ते परत आले, तर तख्तावर त्यांची बायको मुयस्सर एकटीच बसलेली, आणि अंगणाच्या दारातून बाहेर पडणाऱ्या पाहुण्यांच्या पाच पाठी.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? नान परत गेले," मुयस्सर म्हणाली. "बसा. प्या आता तो चहा."

नान परत गेले म्हणजे सोयरीक परत गेली. मुलाकडच्यांनी आणलेला नान दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांसमोर मोडला की लग्न पक्कं. न मोडता गेला की मुलगी मोकळी. मुलगी म्हणजे त्यांची दिलरबो, जी या क्षणी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून बापाकडे अशी बघत होती की किटली जास्त तापलीय की पोरगी, ते कळत नव्हतं. मुलगा म्हणजे गल्लीपलीकडच्या शराफत आपांचा बेकज़ोद. त्याला तीन आठवड्यांत नुकुसला नोकरीवर हजर व्हायचं होतं. नुकुस म्हणजे रेल्वेने अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस. लग्न त्याआधी, नाहीतर पुढच्या वर्षी, नाहीतर, शराफत आपांचा आजचा रंग बघता, कधीच नाही.

"पण बोलणं कशावरून निघालं?"

"सुरय्यो आणि नाफिसावरून."

नेमत आका मटकन तख्तावर बसले.

सुरय्यो आणि नाफिसा या टीव्हीवरच्या 'दोन पेले' नावाच्या मालिकेतल्या मायलेकी. आई शिवणकाम करणारी, लेक हुशार, रोज संध्याकाळी एकाच किटलीतून दोन पेले भरायचे आणि मनातलं बोलायचं. पहिली दोन पर्वं मोहल्ल्याने इतक्या एकदिलाने पाहिली की आठच्या सुमाराला गल्लीत कुत्रंही भुंकत नसे. तिसऱ्या पर्वात नाफिसाने आईला न विचारता परगावी शिकायला जायचं ठरवलं आणि मोहल्ला फुटला. तेरा बायकांची भिशी होती. तिच्या दोन झाल्या, सात आईवाल्या आणि सहा मुलीवाल्या. आईवाल्यांची पुढारी मुयस्सर, मुलीवाल्यांची शराफत आपा. मोहल्ल्याची साठ माणसांची पलोवची, म्हणजे पुलावाची, कढई आईवाल्यांकडे राहिली आणि तिचा झारा मुलीवाल्यांकडे. याला बारा वर्षं झाली. बारा वर्षं गल्लीच्या एका बाजूला कढई होती आणि झारा नव्हता, दुसऱ्या बाजूला झारा होता आणि कढई नव्हती, आणि दोन्ही बाजू म्हणत होत्या की आमचं काही अडत नाही.

भांडणाचा गाभा एवढाच, की शेवटच्या भागात नाफिसा निघाली तेव्हा नानाचं काय झालं? घरातून कोणी लांब निघालं की त्याने नानाचा एक घास चावून जायचं, उरलेला नान भिंतीवर टांगायचा आणि माणूस परत आलं की त्यानेच तो संपवायचा, ही रीत तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. आईवाल्यांचं म्हणणं, सुरय्योने नान पुढे केला आणि त्या दगडकाळजाच्या पोरीने चावला नाही. मुलीवाल्यांचं म्हणणं, चावणार काय, त्या माउलीने नान फडक्यातून काढलासुद्धा नाही.

मुलं मोठी झाली, गल्ली ओलांडून एकमेकांकडे बघू लागली, आणि दोन्ही आयांनी ओठ आवळून मालिकेचं नाव काढायचं नाही असं ठरवलं. ते शराफत आपांच्या म्हाताऱ्या मावशीला कोणी सांगितलं नव्हतं.

"म्हातारी म्हणाली," मुयस्सर सांगू लागली, "'पोरगी एवढ्या लांब जाणार, जाताना नान चावून जाईल ना, की त्या नाफिसासारखं करील?' मी म्हटलं, आमच्याकडे आई नान पुढे करते तेव्हा लेक चावते. तर ती समोरची म्हणते कशी, 'करत असेल पुढे, सुरय्योने तर केला नव्हता!' आता तुम्हीच सांगा, मी गप्प बसायचं?"

"मुळीच नाही," नेमत आका म्हणाले. "तुझंच बरोबर आहे."

"मग दाखवा तिला! कुठून तरी तो भाग आणा आणि तिच्या डोळ्यांसमोर लावा."

"आणतो," नेमत आका म्हणाले. संध्याकाळी ते गल्ली ओलांडून शराफत आपांची समजूत काढायला गेले आणि अर्ध्या तासाने परत आले ते त्यांनाही, "आपा, तुमचंच बरोबर आहे, तो भाग आणतो आणि दाखवतो," असं सांगून.

शराफत आपांची अट सरळ होती. "नान पुढे केलेला दिसला, तर हे नान मी स्वतः तुमच्या अंगणात येऊन मोडीन. नाही दिसला, तर मुयस्सरने माझ्या दारात येऊन कबूल करायचं. मग बघू."

"बाबा," दिलरबो म्हणाली, "माझं लग्न एका शिवणकामवालीच्या हातात आहे, आणि ती बाई खरी नाहीये. हे कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय ग," नेमत आका म्हणाले.

फोनवर शोधलं तर पहिली दोन पर्वं होती, तिसरं नव्हतं. तेव्हाच लोकांनी तक्रारीची इतकी पत्रं लिहिली होती की वाहिनीने ते पुन्हा कधी दाखवलंच नाही. म्हणून मंगळवारी नेमत आका वाहिनीच्या कचेरीत, तळघरातल्या जुन्या टेपांच्या विभागात जाऊन उभे राहिले. तिथे वेरा किम नावाच्या बाई होत्या. नाकाच्या टोकावर चष्मा, टेबलावर गाजराच्या लोणच्याची बरणी.

"खासगी माणसाला टेप मिळत नाही," त्या म्हणाल्या. "संस्थेचं पत्र लागतं. मोहल्ला समितीचं चालेल. शिक्का गोल हवा. मागे एकाने चौकोनी आणला होता."

मोहल्ल्याचे अध्यक्ष तुर्गुन आका हे शिक्का कुलपात आणि किल्ली बुटात ठेवणारे गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तीन वेळा "हं" म्हटलं आणि विचारलं, "पत्र कुठल्या सदराखाली द्यायचं? 'मनोरंजन' असं सदर माझ्याकडे नाही. वृक्षारोपण आहे, गटारसफाई आहे आणि कुटुंबातला समेट आहे."

"समेटच आहे की हा."

"मग हा फॉर्म भरा."

फॉर्मवर रकाना होता, 'ज्यांच्यात वाद आहे त्यांची नावे'. नेमत आकांचा पेन थांबला. मुयस्सरचं नाव लिहावं तर घरी जाता येणार नाही. शराफत आपांचं लिहावं तर व्याहीच होता येणार नाही. तेहतीस वर्षं नोंदवही भरलेला माणूस, रकाना रिकामा सोडणं हाताला जमेना. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'सुरय्यो (आई) व नाफिसा (मुलगी)'. मूळ वाद त्यांचाच होता, हे कोण नाकारील?

गुरुवारी जिल्हा हाकिमाच्या कचेरीतून फॉर्म परत आला. शेरा होता: 'उपरोक्त मायलेकी मोहल्ल्याच्या नोंदवहीत आढळत नाहीत. विनापरवाना राहत असल्यास खुलासा करावा.' शुक्रवारी एक तरुण अधिकारी स्वतःच चौकशीला आला. कोपऱ्यावर सामसा विकणाऱ्या माणसाला त्याने विचारलं, "सुरय्यो नावाच्या बाई कुठे राहतात?" सामसावाला घरचा आईवाला. तो म्हणाला, "कशाला जुन्या जखमा उकरता साहेब? फार सोसलंय हो त्या बाईने." अधिकाऱ्याने लिहून घेतलं. पुढच्या घरी त्याला कळलं की सोसलंय ते मुलीने. तेही त्याने लिहून घेतलं. दोन तासांनी तो तुर्गुन आकांसमोर बसला तेव्हा त्याच्याकडे अकरा साक्षी होत्या आणि पत्ता एकही नव्हता.

त्याला खरं काय ते सांगण्यात आलं. त्याने लिहिलेले कागद घडी करून खिशात ठेवले. मग म्हणाला, "माझी आई मुलीवाली आहे. भाग दाखवणार असाल तर तिला घेऊन येऊ का?"

गोल शिक्का मिळाला.

सोमवारी नेमत आका ते पत्र घेऊन पुन्हा तळघरात गेले. वेरा किम यांनी शिक्का उजेडात धरून पाहिला, टेप शोधून काढली, धूळ पुसली आणि सहज विचारलं, "एवढं भांडण कसं हो झालं? पाहिलं तेव्हा सगळ्यांना सारखंच दिसलं असेल की."

"तेच तर," नेमत आका म्हणाले. "माझी बायको म्हणते..." आणि ते थांबले.

बायकोने पाहिलंच नव्हतं. ती कडाक्याची थंडी होती, घराघरात विजेच्या शेगड्या लागल्या होत्या आणि शेवटचा भाग सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात गल्लीचा ट्रान्सफॉर्मर उडाला होता. तीन दिवस अंधार. दुसऱ्या दिवशीचं पुनःप्रक्षेपणही बुडालं.

"मग समोरच्या बाईंनी पाहिलं असेल," वेरा किम म्हणाल्या.

"नाही... त्यांची वीज तीच."

"सामसावाला?"

"तीच वीज."

"मग कोणी पाहिलं?"

नेमत आकांना एकदम तळघरातला गारवा जाणवला. त्या संध्याकाळी मोहल्ल्यातला एकच माणूस मोहल्ल्याबाहेर होता. डेपोतल्या खोलीत, तळहाताएवढ्या टीव्हीसमोर. शेवटचा प्रसंग आला, नाफिसाने पिशवी उचलली, नेमत आकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि अठरा नंबरचा ड्रायव्हर सही घ्यायला यायच्या आत कोणी आपल्याला रडताना बघू नये म्हणून ते किटली उचलून पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती.

घरी यायला निघाले, तर गल्लीत शराफत आपा कंदील घेऊन आपल्या दारात उभ्या. त्यांच्यात आणि त्यांच्या सासूत त्या वर्षी विस्तवही जात नव्हता. "नेमत आका, तुम्ही पाहिलं असेल ना? त्या आईने शेवटी नान तरी पुढे केला का हो?" आवाज असा, की त्याला एकच उत्तर होतं. नेमत आका म्हणाले, "नाही." आठ पावलांवर त्यांचं स्वतःचं घर. मेणबत्तीच्या उजेडात मुयस्सर. दिलरबो तेव्हा तेरा वर्षांची, त्या दिवशी आईला उलट बोलून रुसून बसलेली. "अहो, त्या कार्टीने शेवटी नान चावला तरी का?" नेमत आका म्हणाले, "नाही."

जन्मभर कोणाला नाही न म्हणणारा माणूस आयुष्यात दोनदा नाही म्हणाला, तो आठ पावलांच्या अंतरात, आणि दोन्ही वेळा न बघता.

"मला ही टेप आत्ता बघता येईल?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"मशीन एकच आहे, त्यावर कापसाच्या किडीचा कार्यक्रम चढतोय. नक्कल बुधवारी होईल. आणि ती मोहरबंद पाकिटात थेट अध्यक्षांकडे जाईल. पत्र त्यांचं आहे."

"आणि पत्र मागे घेतलं तर?"

"त्यासाठी वेगळं पत्र लागेल," वेरा किम म्हणाल्या. "गोल शिक्क्याचं."

नेमत आका धावत तुर्गुन आकांकडे गेले. पण तोवर प्रकल्प त्यांच्या हातातून निसटला होता. हाकिमाच्या कचेरीला कल्पना इतकी आवडली होती की 'कलेच्या माध्यमातून कौटुंबिक समेट' असा अहवाल आधीच वर गेला होता. शाळेतून पडदा मागवला होता. अधिकाऱ्याची आई येणार हे ठरलं होतं. न्हाव्याने सुचवलं की खुर्च्या दोन बाजूंना मांडाव्यात, मधे वाट ठेवावी, लग्नात असते तशी. सामसावाल्याने सुचवलं की मधे वाट नको, लोक ओलांडून मारायला जातील.

"तुर्गुन आका, मी म्हणतो, जाऊ द्या. झालं ते झालं."

"आता?" तुर्गुन आका म्हणाले. "अहो, साठ माणसांचा पलोव ठरलाय. कढई आईवाल्यांनी दिली. आणि ऐका, झारा मुलीवाल्यांनी पाठवला! बारा वर्षांत पहिल्यांदा! तुमच्या नावाचा फलक लावायला हवा."

नेमत आकांना वाटलं, फलक नक्कीच लागेल, फक्त त्यावरचा मजकूर वेगळा असेल.

त्यांनी आधी कबूल करायचा प्रयत्न केला, हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. बुधवारी ते मुयस्सरला म्हणाले, "समजा, असं निघालं की कोणाचंच बरोबर नाही..." ती गाजरं चिरत होती. पलोवची गाजरं चिरणाऱ्या बाईशी बोलताना सुरी थांबली की माणसानेही थांबावं. ते थांबले. मग गल्ली ओलांडून शराफत आपांना म्हणाले, "आपा, समजा..." "समजायचंय काय त्यात?" आपा म्हणाल्या, "तुम्हीच तर म्हणालात, माझं बरोबर आहे." दिलरबोला मात्र त्यांनी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे माझं लग्न मोडलं ते एका किटलीने."

शनिवारी, उजेड कमी होऊ लागला तसा शाळेचा पडदा मोहल्ल्याच्या अंगणात ताठ झाला. सात आईवाल्या डावीकडे, सहा मुलीवाल्या उजवीकडे, मधे तुर्गुन आका आणि मावशी, मागे बाकी सगळे. कढईतून वाफ निघत होती. बेकज़ोद झारा धरून उभा होता. त्याला बिचाऱ्याला तेवढंच काम होतं. नेमत आका शेवटच्या रांगेत, हात मांडीखाली दाबून बसलेले. किटली दिलरबोने काढून घेतली होती.

शेवटचा भाग लागला. ट्रान्सफॉर्मर उडाला होता ती जागा आली तेव्हा काही बायकांनी नकळत वर दिव्याकडे पाहिलं. दिवा गेला नाही. आणि मग तो प्रसंग आला.

सुरय्योने दोन पेले भरले. दोघी प्यायल्या. सुरय्यो म्हणाली, "स्वेटर घेतलास?" नाफिसा म्हणाली, "घेतला." सुरय्यो म्हणाली, "निळा?" नाफिसा म्हणाली, "निळा." मग तिने पिशवी उचलली, आईच्या खांद्यावर क्षणभर डोकं टेकलं आणि निघाली. सुरय्योने दोन्ही पेले धुतले. एक फळीवर ठेवला, दुसरा हातातच राहिला. नावं सरकू लागली.

कढईखालची लाकडं तडतडत होती.

"अगं, पण नान कुठंय?" मावशीने विचारलं.

नान नव्हता. आईने पुढे केला नव्हता, मुलीने चावला नव्हता, नान फडक्यात नव्हता, टेबलावर नव्हता, अख्ख्या भागात कुठेच नव्हता. लिहिणाऱ्याला तो सुचला नसावा.

मुयस्सर हळूहळू मागे वळली. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही मला सांगितलंत तिने चावला नाही म्हणून."

शराफत आपा उठून उभ्या राहिल्या. "मला तर यांनी सांगितलं की आईने पुढे केला नाही!"

"तुला केव्हा सांगितलं?"

"त्याच संध्याकाळी! दारात! तुला?"

"त्याच संध्याकाळी!"

साठ माणसं मागच्या रांगेकडे बघू लागली. नेमत आकांचा हात सवयीने किटलीकडे गेला. किटली नव्हती.

"पण..." ते म्हणाले, आणि इथेच त्यांनी थांबायला हवं होतं, "पण बघा ना, दोन्ही उत्तरं बरोबरच निघाली की! पुढेही केला नाही आणि चावलाही नाही!"

पुढचा अर्धा तास सविस्तर सांगण्यासारखा नाही. बारा वर्षं एकमेकींसाठी राखून ठेवलेले सगळे शब्द दोन्ही भिश्यांनी मिळून एका माणसावर खर्च केले, आणि मुयस्सरचा शब्द अडला तर शराफत आपा पुरवत होत्या, शराफत आपांचा दम संपला तर मुयस्सर. अधिकाऱ्याच्या आईने, ओळख नसतानाही, दोन वाक्यं घातली. "हा माणूस किटली घेऊन उठला की समजावं," मुयस्सर म्हणाली, "कोणाचं तरी घर मोडतंय." "बाई ग, आणि मी या माणसाला भला समजत होते," शराफत आपा म्हणाल्या, आणि बोलता बोलता मुयस्सरच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या, कारण उभं राहून पाय दुखायला लागले होते. मग कोणीतरी पलोव वाढला. एकाच परातीतून दोघी खायला लागल्या ते दोघींच्या लक्षातच आलं नाही. मुयस्सर म्हणाली, "तुझ्या सासूने त्या वर्षी फार छळलं होतं ना तुला?" शराफत आपा म्हणाल्या, "तुझी दिलरबो त्या दिवशी उलट बोलली होती, मला ऐकू आलं होतं ग पलीकडे." आणि मग दोघी रडल्या. तुर्गुन आकांनी ते अहवालात 'समेट' म्हणून नोंदवलं.

रविवारी नान मोडला. नेमत आकांना त्यातला तुकडा सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत लहान मिळाला. त्यांनी तो मान खाली घालून खाल्ला.

लग्न चार दिवसांत उरकलं, आणि निघायचा दिवस आला. गाडी दारात, सामान आत, बेकज़ोद घड्याळ बघतोय, दोन्ही विहिणी एकमेकींच्या रुमालांनी डोळे पुसतायत. मुयस्सरने थोरला नान दोन्ही हातांनी पुढे केला. दिलरबोने चावा घेतला आणि एक पाऊल गाडीत टाकलं. गल्लीने सुस्कारा सोडला.

"पाहिलंत सगळ्यांनी?" शराफत आपा म्हणाल्या. "परत वाद नको. मुयस्सरने पुढे केला, सुनेने चावला. नेमत आका, तुम्ही पाहिलंत ना?"

नेमत आका घरातून येत होते. हातात किटली होती, डोळे लाल होते. आपलं तोंड कोणी बघू नये म्हणून ते ऐन वेळी आत गेले होते.

सगळे थांबले. हो म्हणणं फार सोपं होतं. सगळ्यांना हवं होतं ते उत्तर होतं.

"नाही," नेमत आका म्हणाले. "मी चहा आणायला गेलो होतो."

मुयस्सरने कपाळावर हात मारला. शराफत आपांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण दिलरबोने पाऊल गाडीतून बाहेर काढलं, सगळ्यांमधून वाट काढत बापासमोर आली, त्यांच्या हातातली किटली घेऊन खाली ठेवली आणि आईकडून नान घेऊन त्यांच्या हातात दिला.

"धरा," ती म्हणाली. "आणि आता बघा."

आणि तिने दुसरा चावा घेतला.

तो नान आता नेमत आकांच्या भिंतीवर टांगलेला आहे, दोन चाव्यांचा. येणारा-जाणारा विचारतो. मोहल्ल्यात त्यावर दोन मतं पडायला लागली आहेत: काही म्हणतात दुसरा चावा जावयाचा, काही म्हणतात पोरीला भूक लागली होती. नेमत आकांना विचारलं, तर ते जागचे हलत नाहीत.

"दुसरा माझ्यासाठी," ते म्हणतात. "तो मी पाहिला."